शैलाने शोधलेलं गाव

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या आमच्या बॉथेलच्या हवेत दोन-तीन आठवडे एक वेगळाच वास असतो. डोंगरापलीकडच्या कोरड्या, उन्हाच्या भागातून द्राक्षांनी भरलेले ट्रक येतात आणि शेजारच्या वुडिनव्हिलमधल्या गोदामांसमोर रिकामे होतात. गोदामं बाहेरून टायरच्या दुकानांसारखी दिसतात, आत वाइन तयार होत असते. नदीकाठच्या पायवाटेने त्या बाजूला चालत गेलं की आधी मेपलच्या भिजलेल्या पानांचा वास येतो आणि मग एका वळणानंतर आंबूस, गोडसर, फुगून वर आलेल्या इडलीच्या पिठासारखा वास सुरू होतो.

इडलीचं पीठ हे माझं नाही, शैलाचं आहे. शैला म्हणजे माझी बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली. मला त्या वळणावर एवढंच कळतं की वास बदलला. कशासारखा झाला ते तिने सांगितलं की कळायचं, आणि एकदा तिने सांगितलं की मग दुसरं काही वाटायचंच नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात काही वर्षांपूर्वी माझा एक लेख आला होता. त्याचं नाव होतं 'मला सापडलेलं गाव'. फ्रान्समधलं इराँसी नावाचं एक लहानसं गाव आणि तिथली हलकी लाल वाइन, असा विषय. लोकांना तो फार आवडला. पुण्याहून नव्याने आलेली, सॉफ्टवेअरमधली मुलंसुद्धा मला 'वाइन काका' म्हणू लागली. परवा तो अंक काढून लेख पुन्हा वाचला. त्यात 'मी' पानोपानी आहे. 'आम्ही' एकदाच आलं आहे, विमानाच्या तिकिटांबद्दलच्या वाक्यात. शैला कुठेच नाही. या वाइनबरोबर वांग्याचं भरीत छान लागतं असं लिहिलं आहे, पण ते भरीत कुणी केलं आणि दोन्ही एकत्र खाऊन बघायचं कुणाच्या डोक्यात आलं, याबद्दल अक्षर नाही.

गाव मला सापडलं नव्हतं. ते सांगण्यासाठी हा दुसरा लेख.

आमची मुलगी शिकायला बाहेर पडली, घर एकदम मोठं झालं, त्या वर्षीचा ऑक्टोबर. शनिवारी दुपारी आम्ही भाजी घ्यायला जायचो. त्या दुकानाशेजारी वाइनचं एक छोटं दुकान होतं. पिकल्या दाढीचा मालक शनिवारी तीन-चार बाटल्या उघडून ठेवायचा आणि येईल त्याला प्लास्टिकच्या पेल्यात चव द्यायचा. मी जायचो ते मित्रांमध्ये काहीतरी बोलायला हवं म्हणून. शैला कोथिंबिरीची पिशवी सांभाळत दाराशी उभी राहायची. त्या दिवशी बाहेर पाऊस होता म्हणून ती आत आली आणि मालकाने न विचारता तिच्याही हातात पेला दिला.

तिने तो आधी खिडकीपाशी धरला. वाइन इतकी फिकी होती की पलीकडचं पार्किंग दिसत होतं. मग तिने वास घेतला, बराच वेळ. आणि मला म्हणाली, "आमसूल."

मालकाला आमसूल म्हणजे काय ते कळेना. शैलाने त्याला इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. एक आंबट फळ असतं, त्याची साल उन्हात वाळवतात, आमटीत घालतात. पुढच्या शनिवारी ती एका पुडीत चार आमसुलं घेऊन गेली. मालकाने पुडी हुंगली, पेला हुंगला, पुन्हा पुडी हुंगली आणि आतून अख्खी बाटली आणून तिच्यासमोर ठेवली. पैसे घेतले नाहीत. बाटलीवर गावाचं नाव होतं, इराँसी.

घरी येताना शैलाने बाटली मांडीवर धरली होती. ती सांगलीची एम.एस्सी., रसायनशास्त्राची. लग्नानंतर माझ्या मागोमाग आली, व्हिसामुळे कित्येक वर्षं घरात बसली, आणि पुढे इथल्या एका बायोटेक कंपनीच्या लॅबमध्ये नमुने तपासायचं काम मिळालं तेव्हा तिच्या वयाच्या बायका निवृत्तीच्या गप्पा करत होत्या. तिच्या नाकाची आमच्या घरात थट्टाच व्हायची. दूध उद्या नासणार हे तिला आज कळायचं. पण त्या नाकाला कुणी तरी दाद दिली, तेही त्याच विषयातल्या माणसाने, हे त्या दिवशी पहिल्यांदा झालं असावं. सोमवारी ती लायब्ररीत जाऊन फ्रान्सवरची दोन जाडजूड पुस्तकं घेऊन आली.

गाव तिने त्या पुस्तकांतून शोधलं. बर्गंडी म्हटलं की जाणकार लोक आदराने मान हलवतात. इराँसी त्याच बर्गंडीच्या उत्तर टोकाला आहे, पण त्या बाजूचा शेजार पांढऱ्या वाइनसाठी प्रसिद्ध, त्यामुळे मधल्या या लाल वाइनवाल्या गावाकडे फारसं कुणी वळत नाही. चारी बाजूंनी टेकड्या, उतारांवर द्राक्षं आणि चेरीची झाडं, आणि तळाशी दगडी घरं. पुस्तकातला फोटो दाखवून ती म्हणाली, "खलात काहीतरी ठेचून ठेवल्यासारखं दिसतं बघ गाव." हवा थंड, म्हणून तिथली वाइन कधी जड होत नाही. आंबटपणा राहतो, रंग फिका राहतो. शैला म्हणायची, या वाइनला मोठ्याने बोलता येत नाही, आपण जवळ जायला लागतं.

ही सगळी वाक्यं माझ्या लेखात आहेत.

आमच्या पिढीच्या इथल्या पार्ट्या कशा असायच्या ते आजच्या मुलांना सांगायला हवं. पुरुष घरामागच्या लाकडी डेकवर किंवा बेसमेंटमध्ये, हातात ग्लास. बायका स्वयंपाकघरात, हातात संत्र्याचा रस. असं कुणी ठरवलेलं नव्हतं, तरी दरवाजाला कुलूप असावं तसं ते होतं. यजमान नवीन असला तर विचारायचा, वहिनी काय घेतील? आणि वहिनी समोर उभ्या असल्या तरी उत्तर नवऱ्याने द्यायचं, "ती घेत नाही."

पहिल्यांदा ते वाक्य मी शैलासाठीच म्हटलं होतं, हे मी आजही मानतो. माझी आई भारतातून आली होती, सोफ्यावर बसली होती, आणि एका अमेरिकन शेजाऱ्याने शैलापुढे ग्लास धरला. शैलाचा चेहरा उतरला. मी पटकन म्हणालो, ती घेत नाही. घरी आल्यावर तिने माझे आभार मानले. पण आई परत गेली आणि वाक्य राहिलं. मला ते सोयीचं झालं होतं.

कारण प्रत्यक्षात काय चालायचं? मी बर्फ आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जायचो. शैला भरीत वाढता वाढता, पाठमोरी, माझ्या ग्लासातला एक घोट घ्यायची आणि हळू आवाजात सांगायची. आज आमसूल कमी आहे. पाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर येतो तो वास आहे. शेवटी चेरीची बी दाताखाली आल्यासारखं कडू. मी बाहेर जाऊन, ग्लास गोल फिरवून, थोडा वेळ आकाशाकडे बघून तेच सांगायचो. माझा मित्र अरविंद, जो सगळ्यांत कडक आणि सगळ्यांत जड वाइनचा भोक्ता, तो म्हणायचा, "अरे हे तर कोकम सरबत आहे, उपासाला चालेल." सगळे हसायचे. पण नंतर डोळे मिटून ओली पाटी शोधायचे, आणि ती सापडायची. अरविंद लोकांना सांगायचा, याचं नाक म्हणजे लॅब आहे. मी नको नको म्हणत हात हलवायचो.

शैला घरात मला 'तू' म्हणायची आणि चारचौघांत 'अहो'. मी ग्लास घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून बाहेर पडलो की माझा 'तू' आत राहायचा आणि 'अहो' बाहेर यायचा. तो 'अहो' वाइनमधला फार मोठा जाणकार होता.

असं पंधरा वर्षं चाललं, आणि मग इराँसीला जायचं तिने ठरवलं. द्राक्षांची तोडणी संपल्यानंतरचा ऑक्टोबर, तेव्हा गावकऱ्यांना बोलायला सवड असते, हेही तिनेच शोधून काढलं. आदल्या उन्हाळ्यात ती लायब्ररीतून फ्रेंच शिकायच्या सीडी आणायची. भाजी चिरताना मशीन लावायची आणि सीडीतल्या बाईच्या मागोमाग म्हणायची. मला बाहेरच्या खोलीत ऐकू यायचं. सांगलीच्या वळणाचं फ्रेंच. एकच वाक्य ती पुन्हापुन्हा म्हणत होती, म्हणून मी विचारलं याचा अर्थ काय. म्हणाली, "आधी मला वास घेऊ द्या."

तिकिटं काढताना मी अरविंद आणि त्याची बायको मंगला यांनाही बोलावलं. शैलाला विचारलं नाही. चौघं असलो की गाडीचं भाडं वाटून जाईल, असं तिला सांगितलं. खरं म्हणजे मला प्रेक्षक हवे होते.

गाव अगदी पुस्तकातल्यासारखं होतं. आम्ही टेकडीवरून गाडीने खाली उतरलो तेव्हा चेरीची पानं केशरी झाली होती आणि द्राक्षांची पिवळी. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. घरांच्या तळघरांच्या खिडक्या रस्त्याला लागून होत्या आणि प्रत्येक खिडकीतून तोच फसफसलेला वास येत होता. शैला एकेका खिडकीपाशी वाकून पुढे जात होती. अरविंद म्हणाला, "वहिनी, घरांची झडती घेताय का?" ती हसली. तिला इतकी खुशीत मी फार दिवसांनी बघत होतो.

ज्या घरी जायचं ठरलं होतं तिथली बाई पन्नाशीची, पायात रबरी बूट, बोटांची टोकं जांभळी. ती आम्हाला दगडी पायऱ्यांनी खाली घेऊन गेली. पिंपं, एक उलटं ठेवलेलं पिंप हेच टेबल, त्यावर चार ग्लास. तिने बाटली उघडली, एक ग्लास भरला, दुसरा भरला, तिसरा भरला. चौथा शैलासमोरचा होता.

मी त्याच्यावर पंजा ठेवला आणि म्हणालो, "ती घेत नाही."

इंग्रजीत म्हणालो. अरविंद शेजारी होता, मंगला वहिनी होत्या, त्यांनी तर आधीच मान हलवून नाही म्हटलं होतं आणि तरी त्यांचा ग्लास भरला गेला होता. मी काही विचार करून बोललो नाही. मनात शब्द येण्याआधी हात गेला होता. तसं म्हणताना मला काही चुकतंय असं वाटलंही नाही. त्या बाईने माझ्याकडे बघितलं, मग शैलाकडे. तिने ते फ्रेंच वाक्य म्हटलं असतं तर माझा पंजा तिथे राहिला नसता. पण ते वाक्य म्हणायचं म्हणजे अरविंदसमोर मला खोटं पाडायचं होतं. ती फक्त "मेर्सी", म्हणजे धन्यवाद, एवढंच म्हणाली. बाईने बाटली खाली ठेवली.

मी ग्लास फिरवला. आणि माझ्याजवळ बोलायला काहीच नव्हतं, कारण या वेळी स्वयंपाकघर नव्हतं. मी जुनीच ओळ म्हटली, आमसूल आणि ओली पाटी. अरविंदने डोळे मिटले आणि वा म्हणाला.

आम्ही वर आलो तेव्हा शैला आणि मंगला वहिनी आधीच बाहेर गेल्या होत्या. घरामागेच उतारावर वेली होत्या. तोडणीच्या वेळी काही लहान, उशिरा धरलेले घोस तसेच सोडून देतात. शैला त्यातला एक हातात धरून एकेक मणी खात होती. मला बघून म्हणाली, "अहो, हे तर चालतं ना मला?"

मंगला वहिनी हसल्या. मीही हसलो.

त्यानंतर घरात काही भांडण झालं नाही. शैला पार्ट्यांना येत राहिली, भरीत करत राहिली. मी बर्फाच्या निमित्ताने आत गेलो की ती बर्फ द्यायची. ग्लास तिच्यापुढे केला तर म्हणायची, नको, हात भरलेत. मी जुन्या वाक्यांवर भागवू लागलो. ती थोडीच नव्हती, पंधरा वर्षं तिने मला सांगितलेलं होतं, ते उलटंपालटं करून पुरत होतं. आणि त्याच सुमारास मंडळाने लेख मागितला. मी तो आठवड्याभरात लिहून दिला. छापून आल्यावर अंक तिच्यासमोर ठेवला. तिने तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, "चांगला झालाय. शुद्धलेखन बघून घ्यायला हवं होतंस."

मग तिचं आजारपण आलं. ते तपशील इथे नकोत. औषधांनी आधी केस गेले, मग भूक, आणि मग एके दिवशी तिने वरणाला फोडणी दिली आहे की नाही असं विचारलं. घरभर हिंगाचा वास होता. मी तिच्याकडे बघितलं. तिला कळलं.

शेवटच्या ऑक्टोबरात, एका दुपारी, पाऊस पडत असताना मी इराँसीची बाटली उघडली. दोन ग्लास भरले. एक तिच्या हातात दिला. घरात आम्ही दोघंच होतो, आणि तरीही असा अख्खा ग्लास मी तिला पहिल्यांदाच देत होतो. तिने तो सवयीने खिडकीकडे धरला, रंग बघितला. मग नाकाशी नेला. बराच वेळ धरून ठेवला. आणि मला परत दिला.

"काही येत नाहीये रे," ती म्हणाली. "तू सांग."

मी नाक खुपसलं. लाल काहीतरी, आंबट काहीतरी. ती माझ्याकडे बघत होती, त्या दाढीवाल्या दुकानदाराने आमसुलाच्या पुडीची वाट बघावी तशी. मी म्हणालो, आमसूल. पाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर येतो तो वास. आणि शेवटी चेरीची बी.

तिने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "ते जुनं झालं. या बाटलीत काय आहे?"

मला सांगता आलं नाही. ती थांबली. खरंच थांबली, घाई केली नाही. खिडकीवर पाऊस वाजत होता. मी दुसऱ्यांदा वास घेतला, तिसऱ्यांदा घेतला. माझ्या मनात एकही शब्द आला नाही, कारण मी कधी माझा शब्द शोधलाच नव्हता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "राहू दे," आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

नोव्हेंबर संपायच्या आत ती गेली. मंडळाच्या शोकसभेत तिच्याबद्दल लोक चांगलं बोलले. भरताचा उल्लेख तिघांनी केला.

हे सगळं मी लिहीन असं मला वाटलं नव्हतं. पण या महिन्यात निखिल आणि ऋचा यांनी त्यांच्या घरी मंडळातल्या पंधरा-वीस जणांना बोलावलं. दुपारचं जेवण, आणि नंतर वाइन काकांनी इराँसीबद्दल बोलायचं. निखिल माझ्या मुलीहूनही लहान, इथे नोकरीला लागून चार वर्षं झालेला. त्यांच्याकडे बेसमेंट नाही, डेक नाही, टाउनहाउसची एकच मोठी खोली. ऋचा स्वतः ग्लास घेऊन सोफ्यावर पाय वर करून बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही, तिच्या वतीने कुणी उत्तर दिलं नाही. मी ते बघत राहिलो. निखिलने मला पहिला ग्लास दिला आणि म्हणाला, "काका, तुमची ती फेमस लाइन होऊन जाऊ दे. ओली पाटी."

सगळे थांबले. मी म्हणालो, "ती लाइन माझी नाही. शैलाची आहे. सगळ्याच तिच्या आहेत. मला वाइनमधलं काही कळत नाही."

काहींना ती नम्रता वाटली. निखिल म्हणाला, काका पण ना यार. अरविंद खिडकीजवळ होता, तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मी तळघरातली गोष्ट सांगितली, माझ्या पंजाची. पूर्ण सांगितली. कुणीतरी हलकेच ग्लास टेबलावर ठेवला.

मग मंगला वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"आम्ही सगळ्या स्वयंपाकघरातच तर होतो. ऐकू यायचं की आम्हाला. मी एकदा तिला म्हटलं, बाहेर जाऊन तूच का सांगत नाहीस? तर म्हणाली, त्याला तेवढंच बरं वाटतं, तू कुणाला बोलू नकोस."

इतकी वर्षं मी जे लपवलं असं समजत होतो, ते खरं तर तिने लपवलं होतं. माझ्यासाठी, मंगला वहिनींनाही बजावून. या गोष्टीचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. मी वहिनींना विचारलं, त्या दिवशी वेलींपाशी तुम्ही तिच्याबरोबर होतात. तेव्हा ती काही म्हणाली होती का?

"हो, बरंच बोलली," वहिनी म्हणाल्या. "द्राक्षं खाऊन तिने मला सांगितलं, खालच्या त्या बाटलीतली वाइन कशी असेल ते. अगदी रंगून सांगत होती."

"काय म्हणाली?" मी विचारलं.

वहिनींनी आठवायचा प्रयत्न केला. मनापासून केला, मी बघत होतो. कपाळावर बोट ठेवून त्या बराच वेळ जमिनीकडे बघत राहिल्या.

"नाही हो आठवत," त्या शेवटी म्हणाल्या. "मी घेत नाही, मला यातलं काय कळणार, असं म्हणून मी नीट ऐकलंच नाही."

त्या बाटलीबद्दल शैला जे म्हणाली ते एवढ्या मोठ्या जगात त्या एकाच बाईने ऐकलं होतं. मी मंगला वहिनींना दोष कसा देऊ? 'घेत नाही' हे वाक्य त्यांच्या वतीनेही कुणीतरी आयुष्यभर म्हणत आलं होतं, इतकं की त्या ते आता स्वतःच म्हणत होत्या.

बाटलीत थोडी उरली होती. मी एक स्वच्छ ग्लास घेतला, त्यात ओतली आणि मंगला वहिनींना विचारलं, "वहिनी, तुम्ही घेता का?"

खिडकीपाशी अरविंदने तोंड उघडलं. मग मिटलं.

वहिनींनी आधी त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही, ग्लासकडे बघितलं. म्हणाल्या, "असं कुणी कधी विचारलं नव्हतं." मग ग्लास घेतला. "नुसता वास घेते."

त्यांनी तो नाकाशी धरला. बाहेर पाऊस लागला होता आणि ऋचाने दिवे लावले होते, त्या उजेडात वाइनच्या पलीकडची त्यांची बोटं दिसत होती. त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या. काहीतरी सांगायचं त्यांच्या मनात येत होतं, परत जात होतं.

मी थांबलो. मध्ये काही बोललो नाही.